उजवीकडेच वळणारी कोंबडी

माम्पाँगच्या शाळेतून कुमासीच्या रोबो स्पर्धेला एकच संघ जाणार होता, आणि तो आपलाच, हे सेरवाने वर्गभर सांगून ठेवलं होतं. आता माघार कुठली? आज शाळेच्या मैदानात त्याचीच निवड होती.

काम साधं. मैदानात पडलेली बाटल्यांची बुचं रोबोने आपली आपण शोधायची आणि खोक्यात आणून टाकायची. निवडीला उतरलेली दुसरी मुलगी पोकुआ; तिचा रोबो नांगर धरल्यासारखा ओळीने जायचा. सेरवाने मात्र आठवडाभर शेजारच्या कोंबडीमागे हिंडून तिची रीत उचलली होती. दाणा मिळेना की कोंबडी तरातरा पुढे जाते. एक सापडला की तिथेच घुटमळते, वळून वळून उकरते, कारण दाणा सहसा एकटा नसतो. ओफोसू सरांनी बुचंही तशीच टाकली होती, इथे ढीग, तिथे नावालाही नाही.

दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या. सेरवाच्या रोबोला पहिलं बूच चटकन सापडलं, तिची कॉलर ताठ झाली, आणि मग तो जो फिरायला लागला तो घाण्याच्या बैलासारखा. त्याच रिंगणात, गोल गोल. वीतभर पलीकडे बुचांचा सडा, पण पठ्ठ्या तिकडे ढुंकूनही बघेना. फेरी संपली तेव्हा पोकुआची सतरा बुचं आणि सेरवाची चार. पोरींनी हसून हसून पोटं धरली. सेरवाला वाटलं, जमिनीनं गिळावं, लॅपटॉपसकट.

फाटकापाशी केंकेचे, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, उकडलेले गोळे विकणाऱ्या आंटी मघापासून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं सेरवा, तुझी कोंबडी डावीकडे का वळत नाही? कुणी रागावलंय का तिला?"

सेरवाने पडद्यावर डोकं खुपसलं. वळ, उजवीकडे. पुन्हा वळ, पुन्हा उजवीकडे. डावं कुठेच नाही. डाव्या हाताने काही दिलं-घेतलं की लहानपणापासून पाठीत धपाटा, रस्ता दाखवतानाही डावा हात उचलायचा नाही. तिच्या बोटांनी तिला न विचारताच तीच शिस्त रोबोला लावली होती.

"किती संस्कारी गं तुझा रोबो," पोकुआ म्हणाली. "लग्नाला स्थळं येतील."

सेरवाची बोटं आधीच कळफलकावर धावत होती. कधी उजवीकडे, कधी डावीकडे, असं तिने पटापट लिहिलं आणि शिट्टी वाजली.

दुसऱ्या फेरीत रोबो खरोखर उकरल्यासारखा फिरला. एका ढिगाचा फडशा, मग सुसाट सरळ, मग दुसरा ढीग. पोकुआचा रोबो शहाण्यासारखा मोकळ्या ओळी मोजत होता. सरांनी दोन्ही खोकी दोनदा मोजली. दोन्ही फेऱ्या मिळून पोकुआ तेहतीस, सेरवा पस्तीस.

सरांनी अर्जावर सेरवाचं नाव लिहिलं. पोकुआ जरा वेळ बुटाच्या टोकाने माती उकरत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या रोबोची चाकं फार रडकी आहेत. कुमासीला हसतील."

"मग?"

"माझी घे. पण मग मीही येणार."

सेरवाने अगदी सावकाश विचार केल्याचं नाटक केलं. "ये," ती म्हणाली, "पण बसमध्ये खिडकीची जागा माझी."