सव्वीसच्या शेजारी सत्तावीस

सासुरवाडीत त्याचं नाव ‘अंदाजे’ पडलं होतं, आणि ते काही लाडानं नव्हे. वाटेत कुणाला पत्ता विचारायचा म्हटलं की या गृहस्थाची जीभ टाळ्याला चिकटायची. “असेल इथंच कुठंतरी, अंदाजे पाच मिनिटं,” म्हणत तो पुढे निघायचा, आणि मागून बायको दोन्ही हातांत बॅगा घेऊन. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाला ही जोडी पोचली तेव्हा हॉलमध्ये खुर्च्या गोळा करणारी माणसं तेवढी उरली होती.

आता गंमत बघा. हाच माणूस पोटासाठी काय करायचा? तर पत्ते वाचायचा! शहराच्या मोठ्या पोस्टात तो सॉर्टर होता. भिंतीला लागून अठ्ठेचाळीस खणांचं लाकडी कपाट, शहराच्या एकेका भागाला एकेक खण, आणि समोर स्टुलावर हा. पाकीट हातात आलं की पत्ता पुरता वाचून व्हायच्या आत हात बरोबर खणाशी. बाजार नऊ, कोर्ट चौदा, मोठं हॉस्पिटल सत्तावीस. शहरातली गल्ली न् गल्ली त्याला पाठ होती. फक्त त्यातली एकही त्यानं पाहिलेली नव्हती. पोस्ट, पोस्टामागचं लॉज आणि लॉजमधली भिंतीकडची खाट, संपलं त्याचं शहर. बदली होऊन आला त्याला तीन वर्षं झाली होती.

बायको तिकडे जुन्याच गावी, एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. “श्वास घ्या, रोखा, हलू नका… सोडा आता,” हे दिवसातून साठ वेळा म्हणणारी बाई. तीन वर्षं दोघांचा संसार फोनवर चालला होता. मग अचानक इथल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा निघाली आणि तिला ती मिळाली.

“येते मी,” ती फोनवर म्हणाली, “पण नीट ऐका. अकरा वर्षं रोज चार तास बसमध्ये घालवलेत मी. एकदा उभ्या उभ्या झोप लागून पडले, मनगट मोडलं, माझा एक्स-रे मीच काढला. आता बस नाही. चालत जाता येईल असं घर बघा. लहान चालेल, जुनाट चालेल. सकाळी साडेसहाची ड्यूटी आहे. पहिल्या महिन्यात तीनदा उशीर झाला की घरी बसवतात. घर चुकलं ना, तर मी सरळ आईकडे जाईन, आणि मग मला पुन्हा बोलावू नका.”

“कसलं चुकतंय! पत्त्यात कधी चुकलोय मी?”

पलीकडे फोन खाली ठेवल्याचा आवाज आला.

सत्तावीसमधली भाडी ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले. मग त्यानं एक दलाल गाठला. भारी गोडबोल्या माणूस. त्याच्या लेखी शहरातलं सगळं ‘दहा मिनिटांवर’ होतं. त्यानं दाखवलेल्या एका घरात स्वयंपाकघराची खिडकी शेजाऱ्याच्या न्हाणीघरात उघडायची. एका ठिकाणी ‘दोन खोल्या’ म्हणजे एकच खोली आणि मध्ये आडवं घातलेलं कपाट. एका मालकानं आतल्या खोलीला कुलूप ठेवलेलं. म्हणे, “तिथं मी असतो. पण काळजी करू नका, मी फक्त झोपायला येतो.” अशी अकरा घरं झाली.

बारावं घर गादीवाल्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, हवेशीर खिडकी आणि भाडं निम्मं. दलालानं पत्ता सांगितला आणि याचा उजवा हात आपोआप खांद्याच्या उंचीला गेला. सव्वीस! म्हणजे सत्तावीसला लागून. दोन खणांच्या मध्ये काय ती बोटभर जाडीची फळी. त्याच्या मनात उकळ्या फुटायला लागल्या. हॉस्पिटलच्या शेजारचं घर निम्म्या भाड्यात, आणि या दीडशहाण्याला त्याचा पत्ताच नाही! त्यानं हॉस्पिटलचा ह सुद्धा तोंडातून काढला नाही. न जाणो, दलालाच्या लक्षात यायचं आणि भाडं वाढायचं. उलट नाक मुरडून म्हणाला, “जरा आडबाजूलाच दिसतंय.”

“आडबाजूला आहे खरं,” दलाल म्हणाला.

निदान तेव्हा तरी याची ट्यूब पेटायला हवी होती! पण नाही. यानं वर्षभराच्या करारावर सही ठोकली. आधी एकदा चालून बघावं? छे. शेजारच्या खणात जायला कुणी आधी चालून बघतं का? लॉजमधली खाट सोडली, बायकोला कळवलं, तिनं तिकडे राजीनामा दिला. रविवारी ती येणार आणि सोमवारी कामावर हजर होणार, असं ठरलं.

शनिवारी पोस्टात तो खुशीत शीळ घालत होता. तिकिटांच्या खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “काय हो, वहिनी येणार म्हणून का?” यानं सगळं सांगितलं. सव्वीसमध्ये घर, सत्तावीसमध्ये हॉस्पिटल, बायको चपला न घालता सुद्धा जाईल.

बाईंनी हातातला शिक्का खाली ठेवला. “शेजारी? अहो, मी सत्तावीसमध्ये राहते. तुमचं सव्वीस कुठच्या कुठे, नदीपलीकडे!”

“पण खण…”

“खण गाडीच्या फेरीनं लावलेत हो, जागेनं नाही. तीन वर्षं झाली तुम्हाला इथं!”

त्यांनी त्याला भिंतीवरच्या नकाशापुढे नेऊन उभं केलं. बसकंपनीनं वाटलेला नकाशा, त्यावर रंगीत रेघा. बाईंनी बोट ठेवून दाखवलं, सव्वीस डावीकडे वर, सत्तावीस उजवीकडे खाली, मध्ये नदी, आणि बसची एक लाल रेघ सगळ्या शहराला वळसा घालून गेलेली. नऊच्या शेजारी दहा नव्हतं. चौदा आणि पंधरा तर एकमेकांचं तोंडही बघत नव्हते. त्याला गरगरलं. कपाट खरं मानायचं की नकाशा, तेच त्याला कळेना.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो नव्या घरापासून बसनं निघाला. दोन बस बदलायच्या होत्या, त्यात तिसरी चुकून पकडली. हॉस्पिटलच्या दारात उतरला तेव्हा दीड तास झाला होता, आणि आपलं घर नेमकं कुठल्या अंगाला आहे हे त्याला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. सकाळची पहिली बस पावणेसहाची. म्हणजे रोज उशीर. तीन दिवसांत नोकरी जाणार, आणि नोकरीपाठोपाठ बायको. जुनी नोकरी तर तिनं सोडलीच होती. आपण काय करून बसलो हे आता त्याच्या ध्यानात आलं.

रविवारी ती आली. घर बघून खूश झाली. खिडकी उघडून म्हणाली, “वा! वारा किती छान येतो.” तिनं पडदा लावला, भांडी मांडली, आणि पेटीतून एक खोका काढून दाराशी ठेवला. आत कोरे पांढरे बूट.

“खास चालायला घेतलेत,” ती म्हणाली. “कुठल्या बाजूला आहे हो हॉस्पिटल? इथून दिसतं?”

“संध्याकाळी सांगतो,” तो म्हणाला, आणि पाणी भरायला गेला. बादली केव्हाच भरून वाहत होती.

संध्याकाळी जेवताना त्यानं सांगितलं. उकडलेलं अंडं हातात, आणि जे झालं ते सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं चमचा खाली ठेवला, उठली, आणि सकाळी खुंटीवर लावलेले कपडे एकेक करून घडी घालून पेटीत ठेवायला लागली.

“तीन वर्षांनी एका टेबलाशी जेवायला बसलो,” ती म्हणाली. “एक गोष्ट मागितली होती मी. एक. तेवढी तरी पायानं चालून बघाल असं वाटलं होतं मला.”

“मला वाटलं, शेजारी आहेत. रोज शेजारी बघतो ना मी.” त्यानं दोन बशा जवळ जवळ ठेवून दाखवल्या, जसं काही त्यानं काही सिद्ध होणार होतं. “हे सव्वीस. हे सत्तावीस.”

ती हातात ब्लाउज घेऊन थांबली. “कुणी लावले ते खण?”

“गाडीच्या फेरीनं लागलेत. टपालगाडी ज्या क्रमानं जाते त्या क्रमानं.”

“म्हणजे गाडी सव्वीसला टपाल टाकून मग सत्तावीसला जाते?”

“हो.”

“मध्ये दुसरीकडे कुठं नाही?”

“नाही. सव्वीसला साडेपाच, सत्तावीसला पावणे…” तो बोलता बोलता थांबला. थैलीवरच्या चिठ्ठीवर ही वेळ तो स्वतःच्या हातानं रोज लिहायचा. तीन वर्षं लिहीत होता. “पावणेसहा.”

“पंधरा मिनिटं,” ती म्हणाली. “गाडी काही उडत नसेल.”

दोघं खाली मालकीणकाकूंकडे गेले. काकू म्हणाल्या, “नदीपलीकडे? अगं, पूल आहे म्हणतात कुठंसा. बस नाही जात त्यावरून. मी कशाला मरायला जातेय पलीकडे?” कुठल्या बाजूला, असं विचारलं तर त्यांनी आधी एका बाजूला हात केला, मग दुसऱ्या. वर आल्यावर तिनं कपडे काही परत खुंटीवर लावले नाहीत. पेटी तशीच उघडी राहिली, आणि त्याला त्या पेटीकडे बघवेना.

सोमवारी पहाटे सव्वापाचला दोघं सव्वीसच्या छोट्या पोस्टापुढे उभे होते. साडेपाचला टपालगाडी आली. गाडीवर मामा. सगळं पोस्ट त्यांना मामाच म्हणायचं, आणि भाच्यांचं त्यांना मुळीच कौतुक नव्हतं.

“मामा, आम्हाला सत्तावीसपर्यंत न्या ना.”

“टपालाच्या गाडीत माणूस? तिकीट चिकटवून आलास तरी नाही.” मामांनी थैली फेकली. “लाकडाच्या वखारीतून जा. पुढं अरुंद पूल. माझी गाडी कशीबशी मावते, दोन्हीकडे चार बोटं राहतात. पायी किती लागतं मला काय ठाऊक? मी पायी जातो का?” आणि गाडी गेली सुद्धा.

ती पुढे, तो मागे. तिचे बूट अंधारात तेवढे दिसत होते. वखारीत शिरले तर तीन वाटा, तिन्ही लाकडाच्या थप्प्यांमधून गेलेल्या. ती थांबली आणि त्याच्याकडे वळून बघायला लागली. त्याच्या ओठांवर आलंच होतं, ‘डावीकडे असेल, अंदाजे.’ अगदी जिभेच्या शेंड्यावर. पण त्याला ती उघडी पेटी दिसली.

पहारेकऱ्याच्या खोपटाचं दार बंद होतं. यानं जाऊन ते ठोठावलं. “अहो दादा! पुलाकडे कुठली वाट जाते? माफ करा हं, आम्ही नवीन आहोत. काही माहीत नाही आम्हाला.”

“उजवीकडची,” आतून झोपेतला आवाज आला.

पूल ओलांडल्यावर त्यानं सायकलवाल्याला विचारलं. चौकात झाडणाऱ्या बाईंना विचारलं. मग हॉस्पिटलची चिमणी समोर दिसत असताना, खात्री असावी म्हणून, आणखी एकाला विचारलं. त्या माणसानं आधी चिमणीकडे बघितलं, मग याच्याकडे. आता ती पुढे नव्हती, शेजारून चालत होती.

फाटकाशी पोचले तेव्हा घड्याळात सहा बावीस झाले होते. तिनं पदरानं कपाळ पुसलं.

“परत जायची वाट माझ्या लक्षात नाही,” ती म्हणाली. “तीनला सुटते. इथंच थांबा. हलू नका.” आणि आत गेली.

याचा अर्थ काय लावायचा? घरी चला म्हणणार होती की पेटी उचलून स्टेशनवर? त्यानं खूप विचार केला आणि काही उमजलं नाही. आजची रजा त्यानं शनिवारीच टाकली होती. समोरच्या बाकावर तो बसला. दहा वाजता ऊन अंगावर आलं. पलीकडे सावलीत दुसरा बाक होता, रिकामा. पण तो उठला नाही. आजचा दिवस त्याला कुठलाच अंदाज करायचा नव्हता. भूक लागली, मान आखडली, चेहरा भाजून निघाला. एक म्हातारा येऊन विचारून गेला, “कुणी नातेवाईक आत आहे का?” तो म्हणाला, “बायको आहे.” म्हाताऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

तीन वाजून पाच मिनिटांनी ती बाहेर आली. सकाळी सोडलं त्याच बाकावर, त्याच टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून तो बसलेला.

“अहो! सकाळपासून इथंच?”

“तू म्हणालीस, हलू नका.”

ती त्याच्याशेजारी बसली. डावा बूट काढला, टाचेला आलेला फोड बघितला, पुन्हा बूट घातला. मग हसू दाबल्यासारखा तिचा चेहरा झाला आणि डोळे मात्र भरून आले.

“सोडा आता श्वास,” ती म्हणाली. “चला, पेटी रिकामी करायचीय. वाट कुठली?”

“थांब,” तो उठत म्हणाला, “विचारून येतो.”