माहिती येत आहे

"या नावाचं कोणीच नाही इथे, आजोबा," चौकशीबाई म्हणाल्या आणि मागच्या माणसाला मानेनेच पुढे बोलावलं.

काचेपलीकडचा म्हातारा जागचा हलला नाही. डोक्याला लोकरीची टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. "नीट बघा ना, ताई. काल रात्रीच आणलंय तिला. माझी धाकटी बहीण आहे. शेजारणीने निरोप धाडला."

बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तक्त्याच्या माथ्यावर नाव, वय, मजला, खाट अशी शीर्षकं होती. खाली सगळं पांढरंफटक आणि मधोमध ठळक ओळ: 'एकही नोंद सापडली नाही.' इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आणखी काय डोंबल बघायचं?

"नाहीये हो. नदीपलीकडच्या दवाखान्यात नेलं असेल. तिथे विचारा."

"शेजारीण वेंधळीच आहे मेली," म्हातारा पुटपुटला आणि डबा सावरत निघाला. जाताना 'उपकार झाले' म्हणायला विसरला नाही.

चौकशीबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. आई होती तोवर ती मारायची. ती गेल्यावर घरात पहिला आवाज कुलपाचा आणि शेवटचा दिव्याच्या बटणाचा. इस्पितळात मात्र त्यांचा तोरा होता. हाताला आणि जिभेला सारखाच वेग. कोणाला ताटकळत ठेवणं म्हणजे पाप, असा त्यांचा हिशोब. त्यांच्या खिडकीसमोर कधी रांग तुंबली नाही, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता.

पुढच्या माणसाला क्ष-किरणाची खोली हवी होती. डावीकडे, मग जिन्याखालून, असं हातवारे करून सांगून त्या वळल्या, तर पडद्यावर एक ओळ आलेली होती. म्हाताऱ्याने सांगितलेलंच नाव. तिसरा मजला, खाट अकरावी.

खिडकी तशीच उघडी टाकून त्या फाटकाकडे धावल्या. इतक्या वर्षांत त्यांना धावताना पहारेकऱ्याने पहिल्यांदाच पाहिलं.

"टोपीवाले? ते काय, आत्ताच बसमध्ये चढले," तो म्हणाला.

नोंदीत भावाचा फोन नंबर होता. तो नुसता वाजत राहिला. मग त्यांनी तळघरात फोन लावला. तिथे संगणकाचं बघणारा दाढीवाला बसायचा.

"अहो, आधी नाही म्हणतं आणि मग दाखवतं! ही काय तऱ्हा?"

"माहिती यायला वेळ लागतो, बाई. आज यंत्रणा जरा मंद आहे. ती येईपर्यंत तक्ता रिकामा, आणि तक्ता रिकामा असला की ती ओळ आपोआप उमटते."

"पण 'नाही' आणि 'अजून आलं नाही', यात काही फरक आहे की नाही?"

दाढीवाला मनाने वाईट नव्हता. "आहे," तो म्हणाला. "राहून गेलं ते. एरवी इतकं झटकन यायचं, की मधला रिकामा तक्ता कोणाच्या नजरेसच पडायचा नाही."

नदीपलीकडच्या दवाखान्यात निरोप ठेवला, पण तिथली चौकशीही यांच्यासारखीच घाईतली. शेवटी खिडकी दुसऱ्या बाईवर सोपवून त्या तिसऱ्या मजल्यावर गेल्या.

अकराव्या खाटेवर मूठभर देहाची बाई शस्त्रक्रियेचा हिरवा झगा घालून दाराकडे डोळे लावून पडली होती. शेजारी परिचारिका घायकुतीला आलेली. "डॉक्टर खोळंबलेत, आजी. आता थांबणं धोक्याचं आहे. आतडं फुटेल."

"दादा येऊ दे. त्याचं तोंड बघते आणि मग न्या कुठे न्यायचं ते." मग तिची नजर चौकशीबाईंकडे गेली. "तुम्ही कोण?"

"मी खालच्या चौकशीची." खरं ओठांवर आलं होतं. "तुमचे दादा वाटेत आहेत. येतायत."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मला सगळं ठाऊक असतं. तेच तर काम माझं."

म्हातारी हसली. "डबा घेऊनच येणार बघा. मला पाण्याच्या थेंबाची बंदी, तरी आणणार. लहानपणापासून अस्साच. कोणाचं ऐकेल तर शपथ!" मग तिने चौकशीबाईंचा हात धरला. चाकांची खाट हलली तरी सोडला नाही. लिफ्टपाशी परिचारिकेने तो सोडवला, तेव्हा म्हणाली, "आला की आधी जेवायला लावा त्याला. माझ्यापायी उपाशी बसेल."

दार बंद झालं. बाई तिथेच उभ्या राहिल्या. आपला हात असा कोणी शेवटचा कधी धरला होता, हे त्यांना आठवेना.

म्हातारा आला तेव्हा दुपार कलली होती. दोन दवाखाने पालथे घालून, पाय ओढत आला होता. फोन घरी उशाशी राहिला होता. बाई त्याला काचेआडून बोलल्या नाहीत. बाहेर आल्या, समोर उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे इथेच होती?"

"इथेच होत्या. माझी चूक झाली, आजोबा."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. "जन्मभर बस चालवली मी," तो म्हणाला. "एकदा उशीर केला नाही कुठे."

"त्यांनी तुम्हाला आधी जेवायला सांगितलंय."

तो बाकावर बसला, डबा उघडला, आणि आज्ञा पाळावी तसा गार अन्नाचा एकेक घास गिळत राहिला. बाई शेजारी बसल्या. दिवेलागणीला डॉक्टर खाली आले. त्यांची चाल बघूनच बाईंना कळलं. भाऊ वेळेवर आला असता तरी वाचल्या नसत्या, असं डॉक्टर म्हणाले. खरंच असेल ते. पण तोंड बघायचं राहिलं ते राहिलंच.

त्या रात्री कुलूप उघडताना त्याचा आवाज बाईंना सहन झाला नाही.

दाढीवाल्याने दोनच दिवसांत दुरुस्ती केली. आता नाव टाकलं की तक्त्यात करड्या पट्ट्या दिसत, मधोमध एक छोटंसं चक्र फिरे आणि खाली अक्षरं येत: 'माहिती येत आहे.' सगळी माहिती येऊन चुकल्याशिवाय 'नोंद नाही' असं म्हणायची तक्त्याची छाती नव्हती. खिडकीशी लोक कुरकुरत. "काय बाई, नुसतं गरगर फिरतंय!"

"फिरू दे," बाई म्हणत. "ते थांबेपर्यंत मी तोंड उघडणार नाही." रांग आता तुंबायची. पडदा त्यांनी अर्धा वळवून ठेवला होता, म्हणजे काचेपलीकडूनही चक्र दिसे.

मग एके दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी, लोकरीची टोपी समोर आली. हातात पिशवी नव्हती.

"एक नाव बघायचं होतं," म्हातारा म्हणाला, आणि बहिणीचं नाव सांगितलं.

"आजोबा..."

"ठाऊक आहे मला. डोकं ठिकाणावर आहे माझं." तो काचेच्या भोकाशी वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "घरी बसवत नाही हो. राहून राहून एकच येतं मनात. त्या दिवशीही तुम्ही नाही म्हणालात. आणि ती होती."

गेलेल्यांची नावं त्या तक्त्यातून त्याच दिवशी काढून टाकतात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत? त्यांनी एकेक अक्षर दाबत नाव टाकलं.

करड्या पट्ट्या आल्या. चक्र फिरू लागलं. म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. रांगेत मागे कोणीतरी "अहो, आटपा" म्हणालं, तशी बाईंनी तिकडे न बघताच तळवा वर केला. आयुष्यभर ज्या बाईने कोणाला ताटकळत ठेवलं नाही, ती आज मनोमन विनवत होती, की यंत्रणा मंद असू दे, देवा, आज चांगली मंद असू दे.

"दिसतंय का काही?" त्याने विचारलं.

"थांबा," बाई म्हणाल्या. "अजून येतंय."