आत्याबाईंची अंडी

आत्याबाईंनी अंडी घातली तेव्हा कुणाला काही विशेष वाटलं नाही. सर्पगृहातली ही मोठी अजगराची मादी पिल्लू असल्यापासून एकटीच वाढलेली. नराचा वाराही तिला लागलेला नव्हता. एकट्या मादीची अंडी पोकळ निघतात, पिवळी पडून खचतात, ती उचलून टाकायची, एवढंच काम. आत्याबाई हे नाव धाकट्यानं ठेवलं होतं, कारण त्या दिवसभर आडव्या पडून येणाऱ्याजाणाऱ्याकडे नाराजीनं बघत. समोरच्या खोलीतला नर म्हणजे जावईबुवा. खायचं, रुसायचं आणि कामाचं नाव काढायचं नाही, म्हणून.

धाकटा म्हणजे सर्पगृहाचा कारभार पाहणाऱ्या बाईचा धाकटा भाऊ. आई गेल्यावर तिनंच त्याला लहानाचा मोठा केला, इथे कामाला लावलाही तिनंच. तो तिला ताई म्हणायचा, मग सगळं सर्पगृहच तिला ताई म्हणू लागलं. ताई फटकळ. पोटात एक नि ओठांत एक असला प्रकार तिच्याकडे नव्हता, आणि याचा तिला थोडा अभिमान होता. थोडा कसला, चांगला भरपूर होता.

अंडी टाकून देण्याआधी सर्पगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी सहज एका अंड्याला टॉर्च लावला. आत लाल शिरांचं जाळं होतं. त्यांनी दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं आणि टॉर्च ताईच्या हातात दिला.

"तुम्हीच बघा."

ताईनं पाहिलं. तिला एकदम त्या दोन पेट्या आठवल्या.

एवढ्या मोठ्या अजगराला एकट्यानं हात लावायचा नाही, दोघं हवीत, हा इथला पहिला नियम. खोली धुवायची असली की अजगर झाकणाच्या पेटीत घालायचा, फरशी वाळली की परत सोडायचा, आणि रिकामी पेटी धुऊन ज्याची त्याच्या दाराशी पालथी ठेवायची. मागे ताई तापानं घरी होती तेव्हा धाकट्यानं शहाणपणा करून दोन्ही खोल्या एकट्यानं धुतल्या. ताई परत येऊन बघते तर दोन्ही पेट्या आत्याबाईंच्या दाराशी. जावईबुवांच्या दाराशी काहीच नाही.

"समोरचा नळ बिघडला होता गं ताई," तो तेव्हा म्हणाला होता. "इकडच्या नळावर दोन्ही धुतल्या आणि तिथंच ठेवल्या." तिनं एकट्यानं काम केल्याबद्दल त्याचा कान धरला आणि विषय मिटवला. आता तो विषय टॉर्चच्या उजेडात उठून बसला होता: जावईबुवांची पेटी आत्याबाईंच्या खोलीत तर रिकामी झाली नव्हती?

सर्पगृहाच्या साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. नर आत गेल्याशिवाय हे होतं का, त्यांनी विचारलं.

"क्वचित होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काही सापांत मादी एकटीही पिल्लं देते. मी वाचलंय, पाहिलेलं नाही. अंडी उबवू, पिल्लांची पहिली कात तपासायला पाठवू. बाप असला तर त्यात दिसेल."

"ते दिसेल तेव्हा दिसेल." साहेब कपाळ चोळत म्हणाले. "दोन अजगर एका खोलीत सोडणाऱ्याला मी इथं ठेवणार नाही. उद्या माणूस जायचा एखादा." मग ते ताईकडे वळले. "ताई, तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही. कुणी केलं असेल?"

धाकटा दाराशी उभा होता. अगदी निवांत. ताई बोलणार म्हणजे आपली सुटका झालीच, असा त्याचा चेहरा होता. तो चेहरा ताईला पुढे फार छळणार होता.

"हाच असेल," ताई म्हणाली. "मी नसताना दोन्ही खोल्या यानं एकट्यानं धुतल्या. पेट्या चुकीच्या दाराशी होत्या."

"मला अजगर सोडताना बघितलंस तू?" धाकट्यानं विचारलं.

"पेट्या बघितल्या."

"आणि मी सांगितलं ते?"

ताई साहेबांकडेच बघत राहिली. धाकट्यानं खिशातल्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. निकाल लागेपर्यंत घरी बस, असं साहेब म्हणेपर्यंत तो जिन्यात पोचलाही होता.

त्यानंतर ताईला घास गोड लागेना. धाकटा फोन उचलत नव्हता. तिनं नळ दुरुस्त करणाऱ्याला गाठलं. नळ बिघडला होता खरा, तो म्हणाला, पण कधी ते त्याला आठवेना. ती ऊबपेटीच्या काचेला नाक लावून बसायची. एकेक अंडं काळं पडत होतं, तसा तिचा जीव वरखाली होत होता. सगळीच नासली तर खरं काय ते कधीच कळणार नव्हतं. बाप निघाला तर ती खरी ठरणार आणि भाऊ जाणार. नाही निघाला तर? तो विचार ती पुरता करायचीच नाही.

"साप साप म्हणून भुई धोपटली की काय आपण," डॉक्टरीणबाई एकदा पुटपुटल्या. त्या आपण म्हणाल्या, हा त्यांचा मोठेपणा. धोपटणारी एकटीच होती.

शेवटी मोजकी अंडी तगली. एका सकाळी एकाला चीर पडली आणि त्यातून इवलंसं नाक बाहेर आलं. ताईला आनंद व्हायला हवा होता, पण तिला आधी आठवली ती तपासणी. पिल्लांनी पहिली कात टाकली, ती तपासणीला गेली, आणि पुन्हा वाट बघणं आलं.

ताई आत्याबाईंची पेटी धूत असताना डॉक्टरीणबाई आल्या.

"बाप नाही," त्या म्हणाल्या. "जे आहे ते सगळं आईचं. सगळ्या मुलीच आहेत. साहेबांना सांगून आले, उद्यापासून त्याला बोलवा म्हणाले."

ताईनं पेटी तशीच टाकली. ओल्या हातांनीच ती धाकट्याच्या घरी निघाली.

धाकट्यानं दार उघडलं, पण आतली साखळी काढली नाही. फटीतून त्याचा अर्धा चेहरा दिसत होता. दाढी वाढली होती.

"बाप नाहीच निघाला," ताई म्हणाली. "साहेबांनी उद्यापासून बोलावलंय तुला."

त्यानं दाढी खाजवली. मग म्हणाला, "एक विचारू? निकाल उलटा लागला असता तर आली असतीस?"

दुसरी कुठली बहीण असती तर 'वेडा का रे, आले असते की' म्हणून मोकळी झाली असती. ताईच्याही ते अगदी ओठांवर आलं. एवढंसं खोटं, आणि साखळी निघाली असती.

"नाही," ती म्हणाली. "आले नसते."

तो बघतच राहिला.

"साहेबांसमोर मी अंदाज ठोकला आणि खरं बोलल्याचा तोरा मिरवला," ती म्हणाली. "आज तुझ्याशी तरी खोटं बोलणार नाही. माझं चुकलं रे."

खालून कुणाची तरी भांडी वाजत होती.

"आत्याबाई जेवल्या का?" त्यानं विचारलं.

"अंडी काढल्यावर जेवल्या. पिल्लांना अजून नावं नाहीत."

त्यानं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

ताई बंद दारासमोर उभी राहिली. साखळी काढायची तर आधी दार लावावंच लागतं, एवढं तिला कळत होतं. ती कान देऊन वाट बघू लागली.