मुख्याध्यापकांच्या दाराबाहेरचा बाक

मी एक जुना बाक आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर भिंतीला टेकून उभा असतो. मित्रांनो, मी फार दमलोय, तेव्हा थोडक्यात सांगतो.

सुताराने मला मन लावून घडवलं, पण पाय बसवताना त्याचा अंदाज चुकला आणि ते जरा जास्तच आत आले. त्यामुळे कुणी एकटं टोकावर बसलं, की माझं दुसरं टोक वर उचललं जातं. पहिल्याच दिवशी एक वजनदार पालक सपशेल आपटले. मला परत पाठवायचं घाटत होतं, तेव्हा त्या वेळच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "राहू दे. दुसऱ्या टोकाला मी बसत जाईन."

आणि खरंच बसायच्या. खोड्या करून आलेलं पोर असो, नाहीतर वर्ग आवरत नाही म्हणून रडकुंडीला आलेले नवे शिक्षक असोत, बाई कुणालाच आत बोलवत नसत. स्वतः बाहेर येत, माझ्या रिकाम्या टोकाला बसत आणि विचारत, "हं, काय झालं?" बोलणं संपलं की दोघांनी एकदम उठायचं, असा नियमच पडून गेला. तेव्हा माझं कौतुक होतं. मला पॉलिशही व्हायचं.

बाई निवृत्त झाल्या आणि नवे सर आले. माणूस वाईट नव्हता, कामाचा होता. माझ्या डोक्यावर त्यांनी मोठा फलक लावला: प्रामाणिकपणा, आदर, जबाबदारी. अक्षरं सुरेख होती. दार मात्र बंद असायचं. लोक पडायच्या भीतीने मधोमध अंग चोरून बसत आणि ताटकळत. त्या ताटकळण्याचंच मला ओझं व्हायचं. एके दिवशी सरांनी शिपाईमामांना सांगितलं, "उद्या हा बाक अडगळीत टाका." मला सुटल्यासारखंच वाटलं.

त्याच दुपारी चित्रकलेच्या बाई येऊन माझ्यावर बसल्या. हातात राजीनामा होता. दोन दिवसांपूर्वी चित्रकलेच्या खोलीचं तळं झालं होतं. नळ रात्रभर उघडा राहिला आणि मुलांची प्रदर्शनासाठी ठेवलेली चित्रं भिजून लगदा झाली. सरांनी प्रार्थनेच्या वेळी, सगळ्या शाळेसमोर बाईंना फैलावर घेतलं होतं. "ज्यांना साधा नळ बंद करता येत नाही, त्या बाई मुलांना जबाबदारी काय शिकवणार?"

दार उघडलं. सरांचा चेहरा पार उतरलेला होता. बाई जुन्या, मोठ्या बाईंच्या काळातल्या. सवयीने त्या टोकाला सरकल्या. मी कलायला लागलो, तसे सर घाईघाईने दुसऱ्या टोकाला टेकले.

"बाई, तो नळ मी उघडा ठेवला होता," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पाहुण्यांना खोली दाखवताना फिरवून बघितला. पाणी नव्हतं, तसाच सोडून आलो. आत्ता हात धुवायला गेलो तर पाणी गेलेलं, आणि एकदम आठवलं. माफ करा मला."

बाईंनी हातातला राजीनामा मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "हे इथे सांगून भागायचं नाही, सर. बोललात ते पोरांसमोर. आता मी वर्गात शिरले की ती आधी नळाकडे बघतात, मग माझ्याकडे."

"पोरांसमोर कबूल केलं, तर उद्यापासून माझं कोण ऐकेल?"

"माझं तरी कोण ऐकतंय?"

सर उठायला गेले. बाईंनी त्यांचा हात धरला. "थांबा, एकदम उठू. नाहीतर मी पडेन."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपल्यावर सरांचा आवाज इथपर्यंत ऐकू आला. शब्द अडखळत होते. "चूक माझी होती. बाईंची नव्हती. मी त्यांची तुमच्या सगळ्यांसमोर माफी मागतो." थोड्या वेळाने चित्रकलेच्या बाई माझ्यासमोरून तडक वर्गावर गेल्या. हातात फक्त रंगांचा डबा होता.

मामा मला उचलायला आले, तर सर म्हणाले, "राहू द्या. मला लागणार आहे तो."

झालं, माझी विश्रांती गेली. पाय कुरकुरतात, फळीला चीर पडली आहे. मित्रांनो, माझी काळजी घ्यायचीच असेल, तर पॉलिश नको. माझ्यावर कुणी एकटं बसलेलं दिसलं, तर दुसऱ्या टोकाला येऊन बसा. तेवढ्यावर मी अजून काही वर्षं काढेन.

काल एक पोरगी रडवेली होऊन आली आणि जपून मधोमध बसली. तेवढ्यात सरांचं दार उघडलं. तिने डोळे पुसले आणि ती बिनधास्त टोकाला सरकली.