एका काथवटीतले दोघे

मी एक जुनी काथवट आहे, मित्रांनो. काथवट म्हणजे काय, हे तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नसणार. त्यात तुमची काही चूक नाही. घरोघरी स्टीलच्या पराती आल्या आणि आमचं दुकान बंद झालं. मी लाकूड कोरून केलेलं एक पसरट, खोलगट भांडं आहे. माझ्यात पीठ मळतात आणि माझ्यातच भाकरी थापतात. आता थापायचे, असं म्हणावं लागेल.

सध्या मी पारगावला धम्मपालच्या घराच्या ओसरीवर असते. माझ्या अंगाला मोठी भेग आहे आणि तिच्यावर पत्र्याची पट्टी ठोकलेली आहे. रूपावर जाऊ नका. माझी कहाणी ऐका. तिच्यात एक बाई आहे आणि एक कुत्रा आहे, आणि आता त्या दोघांतलं कुणीच उरलेलं नाही.

निमगाव सावा या गावी भागुजी नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर एक बाभूळ होती. वादळात ती पडली. भागुजीचं नुकतंच लग्न झालं होतं, म्हणून त्याने बुंधा उचलून सोमाजी सुताराकडे नेला. सोमाजी मोठा तिरसट माणूस, पण हात सोन्याचा. त्याने मला कोरलं, तासलं, काचेने घासून गुळगुळीत केलं आणि भागुजीच्या हाती देताना म्हणाला, "राव, लई घाम गाळलाय हिच्यापायी. उन्हात टाकाल तर बघा!"

भागुजीच्या बायकोचं नाव द्रौपदा. तिचा हात पहिल्यांदा माझ्यात पडला तेव्हाच मी ओळखलं, की ही बाई कुणाचं ऐकून घेणारी नाही. पीठ असं रगडायची की मीच हलायचे. भाकरी थापताना ती एकटीच बोलायची, आणि म्हणून तिच्या मनातलं मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कुणालाच नाही.

लहानपणी ती आईबरोबर टोपलं घेऊन गावात दारोदार जायची. दिवसभर राबल्याच्या बदल्यात लोक उरलंसुरलं, कधी ताटातलं उष्टंसुद्धा, वरून त्या टोपल्यात टाकायचे. पुढे छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर तिचं घर बौद्ध झालं आणि तिच्या बापाने ते टोपलं चुलीत घातलं. द्रौपदा तेव्हा परकरी पोर होती. टोपलं जळताना पाहिलेलं तिने जन्मभर जपलं. "ह्या घरात उष्टं यायचं न्हाई, आन ह्या घरातनं उष्टं जायचं न्हाई," असं ती म्हणायची. दारात कुणी अवेळी आलं तरी ती पीठ काढायची आणि ताजी भाकरी करून वाढायची. मांजरालासुद्धा तिने कधी ताटातलं पुढे सरकवलं नाही.

तिची भाकरी खाऊन पाहुणे म्हणायचे, "काय भाकर हाय, वा!" माझं नाव कुणी घेत नसे. पण मी मनातल्या मनात फुगायचे.

मग दिवस पालटले. भागुजी गेला. मुलगा धम्मपाल पारगावच्या साखर कारखान्यात लागला आणि बायकोला, कल्याणीला घेऊन तिकडेच राहू लागला. एका खेपेला त्याने आळेफाट्याहून आईसाठी चकचकीत परात आणली. मला तोवर भेग पडून तिच्यावर पट्टी बसली होती, म्हणून मी वळचणीला गेले. कोंबड्या माझ्यात दाणे टिपायच्या. जिच्यात भाकरी थापल्या, तिच्यात कोंबडीने घाण करावी! रडायला डोळे नव्हते म्हणून बरं.

त्या वर्षांत उसात बिबटे शिरले होते. त्यांतल्या एकाने द्रौपदाबाईची शेळी अंगणातून नेली. मळ्यातल्या घरात बाई एकटी. त्याच सुमारास राघू आला. राघू हा मेंढपाळ. शेताला खत मिळावं म्हणून तो दरवर्षी तिच्या वावरात मेंढरं बसवायचा. आता त्याला दम लागायचा, चालवत नसे. मेंढरं विकून तो आणि त्याची बायको तुकाबाई नगरकडे मुलापाशी राहायला निघाले होते. त्याच्यामागे एक उंच, तांबूस, कान फाटलेला कुत्रा होता.

"आक्का, ह्यो खंड्या. ल्येकाची खोली एवढीशी. तिथं ह्याला कुटं न्यायचा? तुमी ठिवा," राघू म्हणाला.

"ठिवते की. खातो काय?"

"भाकर. दुसरं काय!"

एवढंच बोलणं झालं. आळेफाट्याला गाडी गाठायची होती. राघूने पटक्याने डोळे पुसले आणि मागे न बघता चालू लागला. खंड्या दोरीला हिसके देऊन थकला, मग खाली बसला.

त्या संध्याकाळी द्रौपदाबाईने मला वळचणीतून काढलं, राखेने घासलं आणि गरम भाकरी दुधात कुस्करून माझ्यात वाढली. किती वर्षांनी माझ्यात भाकरी पडली होती! मी हरखून गेले. पण खंड्याने हुंगलं, मागे सरला आणि बाईच्या तोंडाकडे बघत बसला.

"खा की रं बाबा. ताजी हाय."

त्याने तोंड लावलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईने कोरडी भाकरी दिली, अंडं दिलं, बिस्किटं दिली, मटणाचा रस्सा केला. हुंगायचा आणि बघत बसायचा. पाणी तेवढं प्यायचा. कधी बांधावर एखादं जुनं हाडूक मिळालं तर चघळायचा, तेवढंच.

आता बाईचा स्वभाव बघा. उपाशी जिवासमोर आपण कसं जेवायचं, या विचाराने तिला घास गोड लागेना. म्हणून ती आधी त्याला वाढायची, आणि मग आत जाऊन दार लोटून जेवायची. खंड्या त्या लोटलेल्या दाराकडे बघत राहायचा. केवढी माया, आणि केवढा घोटाळा!

धम्मपाल सुट्टीला आला तेव्हा म्हणाला, "आई, नखरे हायेत त्याचे. उपाशी ऱ्हाऊ दे. भूक लागली की खाईल आपसूक."

पण खंड्याच्या बरगड्या दिसू लागल्या. केस झडले. कानामागे, पंजांत गोचिडांचे घोस लागले. बाई मांडीवर डोकं घेऊन एकेक गोचीड उपटून काढायची आणि तो निमूट पडून राहायचा. मग अंगात ताप भरला. आळेफाट्याहून ढोरांचे डॉक्टर फटफटीवर आले. त्यांनी त्याच्या पांढऱ्या पडलेल्या हिरड्या पाहिल्या आणि इंजेक्शन दिलं.

"मावशी, गोचिडांचा ताप आहे. औषध आहे माझ्याकडे. पण पोटात अन्न गेलं नाही तर औषध एकटं काय करणार? कसंही करा आणि याला खायला घाला, नाहीतर हातचा जाईल."

डॉक्टर गेल्यावर ती माझ्याजवळ बसून रडली. भागुजी गेला तेव्हा मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. "माझ्या दारी कुणी उपाशी मेलं न्हाई आजवर. तू का मरतूस रं?" असं ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

त्याच आठवड्यात भैरवनाथाची जत्रा होती. तुकाबाई जत्रेला आली, ती वाट वाकडी करून खंड्याला भेटायला आली. त्याला पाहून ती मटकन खाली बसली.

"अगं माझ्या बया! काय झालं ह्याचं?"

"खातच न्हाई गं. रोज ताजी भाकर वाढते म्या."

"आन तुमी? तुमी त्याच्या म्होरं खाता का न्हाई?"

"छ्या! त्यो उपाशी, आन म्या म्होरं बसून खाऊ?"

तुकाबाईने कपाळावर हात मारला. "आक्का, रानात मेंढरं चोरायला येत्यात ना, ते कुत्र्याला इखाची भाकर टाकत्यात. म्हणून पिल्लू व्हता तवाच शिकिवलंय त्याला. मालकानं चावा घेतल्याबिगर त्यो त्वांड लावायचा न्हाई. आमचं ह्ये अर्धी भाकर खायाचं, आन उष्टी अर्धी त्याला टाकायचं. घाईत सांगायचं ऱ्हाऊन गेलं बघा."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, चावा घेतला आणि उरलेला माझ्यात टाकला. खंड्या थरथरत उठला. त्याने तो तुकडा खाल्ला! मग दुसरा, मग तिसरा. द्रौपदाबाई भिंतीला टेकून बघत होती.

तुकाबाई दुसऱ्या दिवशी गेली. आता बाईची पाळी होती. ती दोन भाकऱ्या आणि कालवण घेऊन अंगणात बसली, एक घास खाल्ला, उरलेली भाकरी हातात धरली आणि हात तिथेच थांबला. वरून खाली उष्टं टाकायचं. ज्या हातांचा तिने जन्मभर राग केला, तसाच आपला हात. "न्हाई व्हायचं माझ्यानं," ती म्हणाली. खंड्या तिच्या तोंडाकडे बघत होता. तो आता नीट उभाही राहू शकत नव्हता.

मग तिने मला जवळ ओढलं, दोन्ही भाकऱ्या माझ्यात कुस्करल्या, वर कालवण ओतलं आणि माझ्या पुढ्यात मांडी घातली. एक घास तिने स्वतः घेतला. मग बोटांनी खंड्याच्या बाजूला थोडं सरकवलं. "ये. ह्ये उष्टं न्हाई. आपुन दोघं मिळून जेवतोय," ती म्हणाली.

खंड्याने मान खाली घातली आणि तो जेवू लागला. एका बाजूला तिचा हात, दुसऱ्या बाजूला त्याची जीभ. मित्रांनो, माझ्यात हजारो भाकरी थापल्या गेल्या असतील, पण माझा जन्म त्या दिवशी सार्थकी लागला.

औषध लागू पडलं. ताप उतरला, अंगावर केस आले. पुढची काही वर्षं ती दोघं माझ्यातच जेवली. धम्मपाल लाजायचा. "आई, लोकं काय म्हणत्याल?" ती म्हणायची, "म्हणू दे. एकटीनं खाण्यापरीस बरं." बिबट्या पुन्हा अंगणात आला नाही.

पण त्या तापाने खंड्याचं शरीर आतून पोखरलं होतं, आणि वयही झालं होतं. एका हिवाळ्यात तो हळूहळू विझत गेला. शेवटी शेवटी त्याला गिळवत नसे, तरी बाईने घास घेतला की तिचा मान राखायला माझा काठ चाटायचा. एका सकाळी उठलाच नाही. बाईने त्याला बांधावर, जिथे बाभूळ होती तिथे पुरलं.

धम्मपालने आईला पारगावला आणलं. ती येताना मला घेऊनच आली आणि मला आपल्या खाटेखाली ठेवलं. घरात सगळे मायाळू होते, खोटं का बोलू? पण धम्मपालची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. कल्याणीच्या मागे कामं. प्रत्येकाची जेवायची वेळ वेगळी. म्हातारीचं ताट वेळच्या वेळी खोलीत यायचं, गरम, झाकलेलं. टीव्हीचा आवाज नको म्हणून कुणीतरी जाताना दार लोटून घ्यायचं.

द्रौपदाबाई खाईना.

ती भाकरी मोडायची, एका अर्ध्या तुकड्याला चावा घ्यायची आणि तो हळूच खाली माझ्यात ठेवायची. मग दाराकडे बघत बसायची. धम्मपाल ताट घेऊन आला की विचारायची, "तू जेवलास का रं?" तो म्हणायचा, "मी जेवतो मागनं, तू खा." तिने कधी म्हटलं नाही, की माझ्याजवळ बसून जेव. कुणाकडे मागायचं नाही, हा तिचा बाणा. मी खाटेखालून ओरडत होते, "अरे, बस ना! एक घास घे तिच्यासमोर!" पण लाकडाला आवाज कुठला?

दवाखाना झाला, टॉनिक झालं. एकदा धम्मपाल दाराबाहेर कुणाला तरी सांगत होता, "नखरे करती म्हातारी. भूक लागली की खाईल आपसूक." तेच शब्द. मी ऐकले, आणि तिनेही ऐकले. तिने कूस बदलली.

पाऊसकाळ संपायच्या आत ती गेली.

पुण्यानुमोदनाचा, म्हणजे तिला श्रद्धांजली वाहण्याचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले. खोली आवरताना धम्मपालने मला खाटेखालून ओढलं. माझ्यात भाकरीचे वाळलेले अर्धे तुकडे होते. प्रत्येकाला एका बाजूने चावा होता. तो बघत राहिला. मग त्याला अंगणातली आई आठवली असावी, कारण तो माझ्या पुढ्यात बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला.

कल्याणीने आणून दिलेली भाकरी त्याने मोडली. एक घास खाल्ला. उरलेली भाकरी माझ्यात ठेवली आणि म्हणाला, "आई, म्या जेवतोय बघ तुझ्यासंगं. आता तू बी घे."

ती घ्यायला कुणी नव्हतं.

तर मित्रांनो, या भेगाळलेल्या लाकडाचं एवढं ऐका. मोठा झालेला जीव घरात आणाल, मग तो कुत्रा असो नाहीतर माणूस, तर आधीच्या घरी तो कसा जेवत होता हे नीट विचारून घ्या. तो खात नसेल तर नखरे म्हणू नका. ताट वाढून दार लोटू नका. जवळ बसा, आणि पहिला घास तुम्ही घ्या.