पासष्टावा अर्थ

समुद्रपूरच्या बसस्टँडसमोर मोतीलालची चहाची टपरी आहे. तिथल्या बाकावर पुंडलिकराव रोज चारला येऊन बसत. बत्तीस वर्षं त्यांनी तालुक्याला इंग्रजी शिकवलं. तालुक्याने ते फारसं मनावर घेतलं नाही. निवृत्त झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की लोक इंग्रजी बोलतात, फक्त मास्तरला न विचारता. मग त्यांनी एक लांब वही घेतली आणि 'लाईन' या एकाच शब्दाचे अर्थ जमवायला सुरुवात केली.

घरातले दिवे जातात ती लाईन. बँकेत उभं राहायचं ती लाईन. कोणाचा पोरगा मेडिकल लाईनला असतो. कॉलेजच्या फाटकाशी मारतात ती निराळी. तिची नोंद पेन्सिलीने होती. दारू सुटली की माणूस लाईनवर येतो, आणि जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे अशी माणसं भरपूर. नियम एकच: अर्थ बोलण्याच्या ओघात आला पाहिजे. देणाऱ्याचं नाव, तारीख आणि बक्षीस एक चहा.

चौसष्ट अर्थांतले एकोणीस एकट्या पुनाजी उईकेचे. तो गिरडकडचा, जंगल खात्यात मजुरी करून थकलेला. उन्हाळ्याआधी गवत जाळून मोकळा पट्टा काढतात, वणवा अडावा म्हणून, ती लाईनही त्यानेच दिली. दर सोमवारी बाजाराला आला, की परतीच्या गाडीपर्यंत बाकावर बसे आणि तोंडाला येईल ते बोले. मास्तरच्या बायकोवर, मास्तरच्या टकलावर, सरकारवर. पुंडलिकरावांसमोर एवढं मोकळं बोलणारा माणूस दुसरा नव्हता. वर्गात तर कोणी तोंडच उघडत नसे. सोमवारी ते अर्धा तास आधीच येऊन बसत.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी पुनाजी आला. वार चुकला होता, हे पुंडलिकरावांच्या लक्षात यायला हवं होतं. तो बाकाच्या टोकावर बसला. जिजाला, म्हणजे त्याच्या बायकोला, शनिवारी वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं होतं, हे त्याने हळूहळू सांगितलं. छातीला वायर लावल्या होत्या, डॉक्टर चांगला होता, बसायला खुर्चीही दिली.

"मशीनवर लाईन नाचून राह्यली होती, मास्तर. मी तिच्याकडंच पाहत होतो. मंग सोमवारी पाहाटं ते सीधी झाली."

पुंडलिकरावांचा हात वहीकडे गेला. ही नोंद खरंच नव्हती. त्यांनी तारीख टाकली, नाव लिहिलं, पुढे पासष्ट आकडा घातला आणि मान वर न करता म्हणाले, "मोतीलाल, पुनाजीले एक चहा दे. नवा अर्थ आला."

मोतीलाल किटली धरून तसाच उभा राहिला.

"काल माती देली तिले," पुनाजी म्हणाला. "तुमाले सांगाले आलतो."

बत्तीस वर्षं पुंडलिकरावांनी नववीच्या पोरांकडून सांत्वनाचं पत्र लिहून घेतलं होतं. त्यातलं एकही वाक्य त्यांना आठवेना. मोतीलालने शेवटी कप भरला. पुनाजी तो पूर्ण प्यायला. न प्यायला असता तर मास्तरला कमीपणा आला असता. मग उठून गाडीत बसला.

त्या संध्याकाळी पुंडलिकरावांनी ती नोंद खोडली. त्यांच्या बायकोने, अनुसयाबाईंनी, भाकरी थापता थापता सगळं ऐकून घेतलं होतं. "खोडल्यानं काय होते?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने दोघं गिरडकडे गेले. अंगणात पाहुणे बसले होते. पुनाजीच्या मुलीने, छायाने, सतरंजी अंथरली. पुंडलिकरावांनी वाटेत तयार केलेलं भाषण टाकून दिलं.

"माह्यं चुकलं, पुनाजी."

"तुमचं काय चुकलं?" पुनाजी म्हणाला. रागाचा लवलेशही नव्हता. "तुमचं तर कामच आहे ते."

राग असता तर बरं झालं असतं. रागावर इलाज असतो.

महिन्याभराने पुनाजी पुन्हा सोमवारी बाकावर दिसला. पुंडलिकराव रिकाम्या हाताने आले होते, आणि हात रिकामे आहेत हे दिसावं म्हणून ते गुडघ्यांवर ठेवून बसले होते. पुनाजीने तब्येत विचारली. बँकेत आज मोठी रांग होती, असं सांगितलं. रात्री वीज गेली होती, असंही. जन्मात त्याच्या तोंडून हे शब्द कोणी ऐकले नव्हते. प्रत्येक वाक्याआधी तो किंचित थांबत होता, साहेबासमोर उभा असल्यासारखा. टकलाचा विषय निघाला नाही.

पुंडलिकरावांनी हसून, मुद्दाम आपणच सुरुवात केली. "काऊन रे पुनाजी, सकायी तरी लाईन आली का नाई तुमच्याकडं?"

पुनाजीने जरा विचार केला.

"आली, सर," तो म्हणाला. "वीज आली."

गिरडची गाडी लागायला अजून वीस मिनिटं होती. दोघं रस्त्याकडे पाहत बसून राहिले.