जागेअभावी विकणे आहे

"एवढ्या पैशात गावाकडं दुभती म्हैस आली असती," दर्शनाच्या सासूबाई, सुंदराबाई, हातातल्या लसणीच्या पाकळीला म्हणाल्या. पाकळी काही बोलेना, तेव्हा त्यांनी आवाज जरा चढवला. "चार लोकांत दाखवता तरी आली असती."

"आणि कांजूरला ती बांधली असती कुठं, आत्याबाई? गॅलरीत?" दर्शनाने मोबाइलवरची नजर काढली नाही. लिलाव संपायला थोडाच वेळ उरला होता.

"जुन्या मशीनला नव्याचा भाव. लुटारू मेले," सासूबाई पुटपुटल्या आणि त्यांनी पुढची पाकळी उचलली.

लुटारू हा शब्द दर्शनालाही पटत होता. रंधा मशीन, लाकडात खाचा पाडायचा राउटर आणि जिगसॉ करवत, तिन्ही मिळून एक लॉट. ठिकाण चारकोप, औद्योगिक वसाहत. फोटोखाली एकच ओळ : जागेअभावी विकणे आहे. हा लॉट ती तिसऱ्यांदा बघत होती. आधीच्या दोन्ही खेपेला तिची बोली लागली की क्षणात 'सखू५१' नावाच्या कुणाची तरी बोली तिच्या डोक्यावर येऊन बसायची. ती शंभराने वर गेली की सखूही शंभराने वर. होता होता भाव नव्या मशीनला जाऊन टेकायचा, दर्शना हात आखडता घ्यायची, सखू जिंकायची. आणि आठवड्याभरात तोच लॉट, तेच फोटो, पुन्हा लिलावात.

"मालकाचाच माणूस असणार तो," तिचा नवरा रतन म्हणाला होता. "भाव फुगवायला बसवलेला. सगळी सेटिंग असते यार. सोड ना."

सोडणं दर्शनाला परवडणारं नव्हतं. श्यामकांतशेठच्या फर्निचरच्या गाळ्यात तिने अर्धं आयुष्य पॉलिश केलं होतं. बायकांनी पॉलिश करायचं आणि मशीन पुरुषांनी चालवायचं, असा तिथला कायदा. दुपारी पुरुष डबे खायला बाहेर गेले की ती टाकाऊ फळकुटावर रंधा फिरवून बघायची. श्रावणात ती नोकरी सोडून निघाली तेव्हा शेठ म्हणाले, "दार उघडंच आहे गं, परत येशीलच." हे ते इतक्या मायेने म्हणाले, की त्या दारातून पुन्हा आत जाण्यापेक्षा भिंतीतून गेलेलं बरं, असं तिला वाटलं. आता तिच्याकडे कांजूरला अर्धा गाळा होता, भांडुपच्या बालवाड्यांना बुटकी मेजं करून द्यायचं काम होतं, आणि मशीन नव्हतं. उसनं आणलेलं दसऱ्यानंतर परत जाणार होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर पोरं त्या मेजांवर पाटी टेकून बसली नाहीत तर काम गेलं, आणि मग शेठचं दार होतंच.

तिने बोली लावली आणि सखूची वाट बघत बसली. सखूचा चेहरा तिने मनात केव्हाच तयार केला होता. बोटं भरून अंगठ्या, एसीची हवा, आणि लांब नखाने मोबाइल टोकरत दुसऱ्याच्या पोटावर पाय देणारी बाई.

सखू आली नाही.

"काय झालं गं?" तिने मोबाइल डोळ्यांपाशी नेलेला बघून सुंदराबाईंनी विचारलं.

"काहीच झालं नाही, आत्याबाई. तेच तर."

बाकीची गिऱ्हाइकं दोन खेपांतच विटून गेली असावीत. लॉट दर्शनाचा झाला, तोही तिच्या पहिल्याच बोलीला. एवढी स्वस्ताई तिला जास्तच संशयाची वाटली. मालकाला आणि त्याच्या सखूला डोकं लढवायला वेळ मिळू नये म्हणून तिने लगेच पैसे भरले, मोठी पिशवी काढली, आणि तक्रारही मोबाइलवर लिहून तयार ठेवली : खोट्या बोली लावून भाव वाढवणाऱ्या विक्रेत्याबद्दल. त्यात फक्त नाव घालायचं बाकी होतं.

"म्हशीला वैरण लागते," ती चपला घालताना सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या मशीनला काय लागतं?"

"वीज."

"मग म्हैसच बरी."

चारकोपच्या वसाहतीत बहुतेक शटरं अर्धी ओढलेली होती आणि त्यांवर झेंडूच्या माळा होत्या. तेव्हा कुठे दर्शनाच्या ध्यानात आलं, आज खंडेनवमी. शेठच्या गाळ्यातही या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. मशीनला कुणी हात लावायचा नाही, आणि पॉलिशवाल्या बायकांना पेढा व अर्धा दिवस सुट्टी. पेढा लहानच असायचा.

पत्त्यावरच्या गाळ्याच्या दारात चाळिशीची एक बाई उभी होती.

"मी नेत्रा. जाहिरात आम्हीच टाकली होती, मी आणि माझ्या मिस्टरांनी. या ना. हे माझे सासरे, रामचंद्रबाबा. मशिनं त्यांचीच."

स्टुलावर बसलेल्या म्हाताऱ्याने मान हलवली. इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळाला गंध, आणि उजवा हात मांडीखाली दाबून ठेवलेला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

दर्शनाने गाळ्यावरून नजर फिरवली. भिंतीला लागून पूजेचा मोठा पाट होता, वर एका बाईचा हार घातलेला फोटो. बाकी सगळं मोकळं. लग्नाची पंगत उठली असती.

"जागेअभावी विकताय ना?" तिने विचारलं.

"हो ना. जागाच नाही." नेत्राचा आवाज त्या रिकाम्या गाळ्यात घुमून परत आला. तिलाही तो ऐकू आला असावा. "शिवाय लाकडाची धूळ. बाबांना खोकला होतो. बसा, चहा देते."

तिने थर्मासमधून चहा ओतला. दर्शनाला पेलाभर, सासऱ्यांना अर्धाच. रामचंद्रांनी तो उचलला नाही. चहावर साय धरू लागली तरी त्यांनी हात मांडीखालून काढला नाही, आणि 'बाबा, चहा निवतोय' असं नेत्राही म्हणाली नाही.

"वैतागलो होतो हो आम्ही," ती घाईघाईने बोलत राहिली. "दोनदा कुणीतरी मोठी बोली लावली आणि पैसेच भरले नाहीत. वर लोक लिहितात, मालकच चोर. हे तर पोलिसात जाऊया म्हणत होते."

दर्शनाने पेला खाली ठेवला. "मशिनं बघते."

पाटावर मशिनं पुसून लख्ख केलेली होती. रंधा, राउटर, करवत, शेजारी मुठी झिजलेल्या जुन्या पटाशा, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांच्या डोक्यावर झेंडू. रांगेच्या शेवटी एक मोबाइल होता. त्यालाही हळदकुंकू, त्याच्याही डोक्यावर झेंडू.

"आज उचलायचं नाही," रामचंद्र पहिल्यांदा बोलले. "पूजेला बसलेलं हत्यार उद्या उठतं. आज त्याला हात लावायचा नाही, काम सांगायचं नाही. कुठल्याच हत्याराला."

"बाबा, त्यांनी पैसे भरलेत. लांबून आल्यात."

"मग उद्या येऊ दे."

"उद्या नाही जमणार, काका," दर्शना म्हणाली. "उद्या आमच्या विहारात कार्यक्रम आहे, पांढऱ्या साडीला इस्त्री करून ठेवलीय. आणि परवा माझं उसनं मशीन परत जातंय."

तेवढ्यात पाटावरचा मोबाइल उजळला. ॲपला सणवार नसतात. कुंकवाच्या बोटाखालून अक्षरं स्वच्छ दिसत होती : 'सखू५१, या वेळी तुमची संधी हुकली. असे आणखी लॉट बघा.'

नेत्रा वाकली, माळेतलं एक फूल ओढून तिने अलगद त्या अक्षरांवर सारलं, जशी झोपलेल्या पोराच्या अंगावर चादर सारावी. ती दचकली नव्हती, हे दर्शनाने पाहिलं.

"मोबाइल सासूबाईंचा होता," फुलाकडेच बघत नेत्रा हळू म्हणाली. "त्यावरचं नाव कुणी बदललं नाही."

दर्शनाने वर फोटोकडे पाहिलं. नाकात मोरणी, ओठांत दाबलेलं हसू. अंगठ्या नव्हत्या. एसी तर नव्हताच.

तिने पिशवीतून स्वतःचा मोबाइल काढला. तक्रार तशीच उघडी होती, नावाची जागा मोकळी. ती अंगठ्याने एकेक ओळ पुसत गेली, आणि मोबाइल परत पिशवीत टाकला.

"काका, हा मोबाइल आज पूजेला बसला नसता तर आजही लावली असतीत ना बोली?"

"लावली असती," रामचंद्र म्हणाले.

"मला वाटलंच." तिने पदर खोचला. "पण मशिनं मी नेणार. आजच. तुम्हाला राग आला तर येऊ दे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे आता नीट पाहिलं. "रंधा चालवता येतो?"

"चोरून शिकले. लोकांच्या जेवणाच्या सुट्टीत."

"फळी सुटताना पुढचा दाब कमी करायचा. नाहीतर टोक खातं."

"माहितीय. आधी माझी पुष्कळ टोकं खाल्ली त्यानं."

रामचंद्रांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. ते उठले, फोटोकडे बघून एकदा मान लववली, आणि पाटाशी जाऊन बसले. "तिला मी सांगेन काय ते," असं काहीसं पुटपुटत त्यांनी इतका वेळ मांडीखाली दाबलेला तो हात पहिल्यांदा पुढे केला. रंध्यावरचं फूल उचलायला गेले, तर फूल आपणच खाली पडलं. त्यांनी मुठीला हात घातला. मशीन बंद होतं. वायर गुंडाळून बाजूला ठेवलेली होती. तरी ते पाटावर टकटक वाजू लागलं.

नेत्राने थर्मासचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"जड आहे हो बाबा ते," ती पाठमोरीच म्हणाली. "जुनी मशिनं जडच असतात."

टकटक थांबेना. दर्शनाने पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि ती तशीच उभी राहिली, न वाकता, मदतीला न धावता.

"जड नाहीये गं," रामचंद्र म्हणाले. "जागाही आहे, आणि खोकला मला कधीच नव्हता. माझा हात गेलाय."